हेडला कट घेण्याआधी

दसऱ्याच्या आधीचे तीन-चार आठवडे कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉपवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम तोंडावर आलेला असतो आणि ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची इंजिने त्याआधी बांधून तयार व्हायला हवी असतात. मेकॅनिक टेंपोतून हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, आणतो, बाकावर ठेवतो आणि एवढेच म्हणतो, ‘‘फेस मारून ठेवा, संध्याकाळी नेतो.’’ हेड वाकले आहे का, वाकले असेल तर किती, याआधी त्याला किती कट बसले आहेत, याची चौकशी सहसा होत नाही. इंजिन उघडले की हेड फेस करायचेच, म्हणजे यंत्रावर तळाला कट घेऊन तो सपाट करायचाच, ही सवय इतकी रुळली आहे की ते न केल्यास काम अर्धवट राहिले असे मालकालाही वाटते. दोन हंगामांपूर्वी असेच एक तीन सिलिंडरचे हेड आमच्या शेडमध्ये तिसऱ्यांदा फेसिंगला आले होते. त्याची हकीकत पुढे सांगतो, पण ती समजण्यासाठी हेडचा तळ सपाट का लागतो आणि तो सपाट करताना आणखी काय काय हलते, हे आधी पाहावे लागेल.

हेड आणि ज्यात सिलिंडर असतात तो ब्लॉक, यांच्यामधल्या गॅस्केटला तीन गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवायच्या असतात. सिलिंडरमधला जळता वायू, वॉटर जॅकेटमधले पाणी आणि वर चढणारे ऑइल. यांपैकी वायूचा दाब सर्वांत उग्र असतो. १०० मिलिमीटर बोअरच्या, म्हणजे आतल्या व्यासाच्या, सिलिंडरमध्ये ज्वलनाच्या क्षणी १२० बार दाब तयार झाला, तर हेडला वर ढकलणारे बल सुमारे साडेनऊ टन भरते, म्हणजे उसाने भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाच्या आसपास. इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर चालत असेल तर हा धक्का प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १,००० वेळा बसतो. तो सोसण्यासाठी बोल्ट गॅस्केटला घट्ट दाबून धरतात, आणि बोअरभोवतीच्या धातूच्या रिंगवर हा दाब सगळीकडे सारखा पडला तरच गॅस्केट टिकते. तळात कुठे खोलगट भाग असेल तर त्या जागी रिंगवरचा दाब कमी पडतो, वायू तिथून वाट काढतो आणि एकदा वाट मिळाली की तो ती जाळत-जाळत रुंद करतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसू लागतात ते यामुळेच.

हेड वाकते ते मुख्यतः उष्णतेने. पाणी कमी पडले, पंखा किंवा पंप बिघडला, रेडिएटरच्या जाळीत पाचट अडकले, की दोन व्हॉल्व्हांमधला आणि दोन सिलिंडरांमधला भाग बाकीच्या हेडपेक्षा जास्त तापतो. तो पसरू पाहतो, पण भोवतालचा थंड धातू आणि घट्ट बोल्ट त्याला पसरू देत नाहीत, आणि निवल्यावर तो पूर्वीच्या जागी परतत नाही. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये ही अडचण अधिक तीव्र असते, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. अर्धा मीटर लांबीचे ॲल्युमिनियमचे हेड ८० अंशांनी तापले तर साधारण ०.९ मिलिमीटर लांबते आणि त्याच्याखालचा बिडाचा ब्लॉक साधारण ०.४५ मिलिमीटर. हा अर्ध्या मिलिमीटरचा फरक गॅस्केटला दर वेळी घसरून सोसावा लागतो. आपल्याकडे त्यात भर पडते ती बोअरवेलच्या जड पाण्याची. कूलंट महाग म्हणून रेडिएटरमध्ये बोअरवेलचे पाणी ओतले जाते, पाण्याच्या मार्गांत खपली धरते आणि हेडच्या तळाला पाण्याच्या भोकांभोवती गंजाचे खड्डे पडतात.

आता प्रश्न मोजण्याचा. गॅस्केटचे अवशेष पूर्ण खरवडून, हेड थंड झाल्यावर, घासून अचूक केलेली सरळ पट्टी त्यावर उभ्या धारेने ठेवायची. लांबीच्या दोन्ही कडांवर, मधोमध, दोन्ही कर्णांवर आणि प्रत्येक दोन सिलिंडरांमधून आडवी, अशा सगळ्या ठिकाणी पट्टीखाली फिलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांच्या मापाची, पात सरकवून पाहायची. पट्टीमागे बॅटरी धरली की उजेडाची रेघ कुठे जाड आहे ते आधीच दिसते आणि पात कुठे लावायची ते कळते. कंपनीची पुस्तिका हाताशी नसेल तेव्हा तीन-चार सिलिंडरच्या हेडला ०.०५ मिलिमीटर आणि सहा सिलिंडरच्या लांब हेडला ०.१० मिलिमीटर ही मर्यादा बहुतेक शॉप धरतात. आमच्या भाषेत दोन थाऊ आणि चार थाऊ, कारण थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग आणि तो ०.०२५ मिलिमीटरचा असतो. मात्र फरक किती आहे याच्याइतकाच तो किती अंतरात आहे हेही महत्त्वाचे ठरते. लांब हेड एका टोकाकडे हळूहळू उतरत गेले असेल तर बोल्ट त्याला बऱ्याच अंशी खेचून सरळ बसवतात. तेवढाच फरक बोअरच्या कडेला दोन इंचांत असेल तर तो कोणत्याही टॉर्कने भरून निघत नाही. म्हणून चांगल्या पुस्तिका टोकापासून टोकापर्यंतच्या फरकाला सैल मर्यादा देतात आणि लहान भागातल्या फरकाला फार कडक.

पट्टी लावायच्या आधी गॅस्केट कसे खरवडले तेही पाहावे लागते. हाताच्या ग्राइंडरला खरखरीत चकती लावून हेड चकचकीत करण्याची पद्धत मी रोज पाहतो आणि रोज माझे डोके फिरते. ॲल्युमिनियमवर अशी चकती काही सेकंदांत दोन-तीन थाऊचा खड्डा पाडते, आणि चकतीतून सुटणारी कठीण पूड ऑइलच्या वाटांमध्ये शिरून पुढे बेअरिंगे खाते. फेसिंगची गरज पुष्कळदा या सफाईनेच निर्माण झालेली असते.

मोजमाप मर्यादेबाहेर गेले तर कट घ्यायला हवा, यात शंका नाही. हेड सपाट असले तरी काही वेळा कट टळत नाही. लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, कडेने किंवा गॅस्केटच्या रिंगने तळात नखाला अडेल अशी चाकोरी पाडलेली असते आणि नवीन गॅस्केटची रिंग तिच्यात नीट बसत नाही. गंजाचे खड्डे बोअरच्या रिंगपर्यंत पोचलेले असतात, किंवा वेल्डिंग करून वा व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती सीट नवीन ठोकून तळाचा काही भाग वर आलेला असतो. यातले काहीच नसेल, पट्टी मर्यादेत बसत असेल आणि जुने गॅस्केट शेवटपर्यंत शाबूत असेल, तर हेड धुवावे, व्हॉल्व्ह घासावेत आणि बसवावे. कारण कट घेतला की त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते, आणि डिझेल इंजिनात ती जागा बहुतेकांना वाटते ती नसते.

पेट्रोल इंजिनात ज्वलनकक्षाची वाटी सहसा हेडमध्ये असते. हेड कापले की वाटी उथळ होते आणि कॉम्प्रेशन वाढते. यावरूनच ‘‘फेस मारला की गाडीचा पिकअप वाढतो’’ हा समज पसरला असावा. थेट इंजेक्शनच्या डिझेलमध्ये मात्र हेडचा तळ सरळ पाटासारखा असतो आणि वाटी पिस्टनच्या डोक्यात कोरलेली असते. सपाट पाट पाव मिलिमीटरने पातळ केला तरी तो गॅस्केटवर पूर्वीच्याच उंचीला बसतो. पिस्टन वरच्या टोकाला आल्यावर त्याच्यात आणि हेडमध्ये जी फट राहते, जिला आपले मेकॅनिक बंपिंग क्लिअरन्स म्हणतात, तिच्यात हेडच्या कटाने काहीही फरक पडत नाही. फरक पडतो तो व्हॉल्व्हांच्या खोलीत. डिझेलचे व्हॉल्व्ह तळाच्या पातळीपेक्षा थोडे आत बुडलेले असतात आणि तळ कापला की तेवढे ते कमी बुडलेले राहतात.

आकडे मांडून पाहू. बोअर १०० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ११० मिलिमीटर आणि कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते ते) १८ असेल, तर एका सिलिंडरचे आकारमान ८६४ घन सेंटिमीटर आणि पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे ५१ घन सेंटिमीटर येते. हेडमधून ०.२५ मिलिमीटर काढले, तर ४२ आणि ३६ मिलिमीटर व्यासाच्या दोन व्हॉल्व्हांवरची जागा मिळून फक्त ०.६ घन सेंटिमीटर कमी होते आणि रेशो १८.२ होतो. चालवणाऱ्याला हा फरक कळणारही नाही. तोच ०.२५ मिलिमीटरचा कट ब्लॉकच्या माथ्यावर घेतला असता, तर जवळपास २ घन सेंटिमीटर जागा गेली असती, रेशो १८.७ च्या घरात पोचला असता आणि पिस्टन हेडच्या पाव मिलिमीटरने अधिक जवळ आला असता. म्हणून ब्लॉक कापला तर जाड गॅस्केट शोधावे लागते. हेड कापल्यावर जाड गॅस्केट घालण्याला सपाट हेडच्या डिझेलमध्ये फारसा अर्थ नसतो.

रेशोला धक्का लागत नाही म्हणून कट फुकट पडतो असे मात्र नव्हे. पिस्टन वर येताना व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले नसतात. एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनलेट उघडू लागलेला असतो. त्या क्षणी पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातली जागा फार थोडी असते आणि कटाने ती आणखी घटते. त्यावर उपाय म्हणजे फेसिंगनंतर सीट तेवढ्याच खोल कापून व्हॉल्व्ह पुन्हा पुस्तिकेने सांगितलेल्या खोलीवर नेणे. उलट वारंवार घासून व्हॉल्व्ह आधीच फार आत बुडाले असतील, तर थोडासा कट त्यांना योग्य जागी आणतो. फार बुडालेल्या व्हॉल्व्हांमुळे थंडीत इंजिन उठत नाही आणि धूर काढते, हे जुने मेकॅनिक जाणून असतात. या दोन्ही बाजू लक्षात घेतल्या की कामाचा क्रमही आपोआप ठरतो. आधी फेसिंग, मग सीट कटिंग. खोली तळापासून मोजायची असल्याने उलट क्रमाने केलेले काम दोनदा करावे लागते.

दुसरी गोष्ट डिझेल फवारणाऱ्या नोझलची. नोझलचे टोक तळाबाहेर ठरावीक अंतर डोकावते आणि तिथून डिझेलच्या धारा पिस्टनच्या वाटीत ठरलेल्या उंचीवर आदळतात. हेड पातळ झाले की टोक तेवढे अधिक बाहेर येते, धारा खाली सरकतात, वाटीत हवेशी नीट मिसळत नाहीत आणि इंजिन काळे ओकू लागते. नोझलखालचा तांब्याचा वॉशर जाड घालून ही चूक सुधारता येते, पण त्यासाठी कटाच्या आधी आणि नंतर डेप्थ गेजने टोक मोजलेले असावे लागते. तांब्याच्या स्लीव्हची हेडे असतात त्यांत स्लीव्हचे टोक कधी तळाशी समपातळीत येते, आणि कटर त्यालाही खरवडून जातो. अशी स्लीव्ह बदलावी हे बरे.

प्रीचेंबरच्या इंजिनांचा मामला निराळा. बजाज टेंपोने मर्सिडीजच्या परवान्याने बनवलेले आणि ट्रॅक्समधून गावोगाव पोचलेले ओएम ६१६ हे त्यांपैकी सर्वांच्या ओळखीचे. यात ज्वलन हेडमध्येच बसवलेल्या एका लहान कोठडीत सुरू होते आणि कोठडीचे टोक तळाबाहेर आलेले असते. ती काढल्याशिवाय कटर फिरवताच येत नाही, आणि परत बसवताना तिचे बाहेर येणे मोजून जुळवावे लागते. शिवाय या इंजिनाचा कॅमशाफ्ट हेडवर असून तो चेनने फिरतो. हेड पातळ झाले की कॅम क्रँकच्या किंचित जवळ येतो, चेनचा सैलपणा ती ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या बाजूला जातो आणि व्हॉल्व्हांचे टायमिंग थोडे मागे पडते. त्याची भरपाई करण्यासाठी मर्सिडीजने कॅमच्या चाकासाठी सरकलेल्या खाचेच्या वुडरफ की, म्हणजे चाक शाफ्टवर अडकवणाऱ्या छोट्या चाव्या, दिल्या होत्या. हेडवर कॅम असलेल्या कोणत्याही हेडला आणखी एक गोष्ट लागू पडते. हेड वाकले तेव्हा कॅमची बेअरिंगेही त्याच्याबरोबर वाकलेली असतात. खालचा तळ कापून सपाट केला म्हणजे वरची रांग सरळ होत नाही, आणि मग कॅमशाफ्ट जाम होतो किंवा तुटतो. असे हेड आधी तापवून, शिमवर म्हणजे पातळ पत्र्यांवर बसवून सरळ करावे लागते आणि मगच कापावे लागते.

काही कंपन्या कट घेऊच देत नाहीत. फोक्सवॅगनच्या १.९ लिटर टीडीआयच्या पुस्तिकेत हेड जास्तीत जास्त ०.१ मिलिमीटर वाकलेले चालेल असे म्हटले आहे, आणि डिझेलच्या हेडला मशीनिंग करू नये असेही बजावले आहे. त्यापेक्षा जास्त वाकले तर हेड बदलायचे. स्कोडाच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळलेल्या जुन्या ऑक्टाव्हियांमध्ये हेच इंजिन होते, आणि त्यांची हेडे सर्रास फेस होतात. त्यातली पुष्कळशी चालतातही, हे मी नाकारत नाही. पण तिथे व्हॉल्व्हांची खोली मर्यादेत ठेवण्यासाठी सीटला फार थोडी जागा उरते आणि ती संपल्यावर हेड भंगारातच जाते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला शेतातली एका सिलिंडरची ऑइल इंजिने आहेत. त्यांचे हेड आखूड, जाड, बिडाचे. ते क्वचितच वाकते. दर सिलिंडरला वेगळे हेड असलेल्या दोन-तीन सिलिंडरच्या इंजिनांत मात्र एक मेख आहे. एकच हेड कापले तर त्याचे मॅनिफोल्डचे, म्हणजे हवा किंवा धूर नेणाऱ्या नळकांड्याचे, तोंड शेजारच्यापेक्षा तेवढे खाली येते, आणि तिन्ही हेडांवर एकच मॅनिफोल्ड आवळताना कुठेतरी ओढ बसून ते तडकते किंवा फुंकते. अशी हेडे एकाच मापाची ठेवावी लागतात आणि पूर्ण आवळण्याआधी तोंडांवर पट्टी धरून एका रांगेत आणावी लागतात.

यंत्रावरच्या कामाबद्दल थोडेच सांगतो. कटाच्या आधी हेडची तडा-तपासणी झाली पाहिजे. बिडाला चुंबकीय पूड, ॲल्युमिनियमला रंगाची तपासणी आणि दोन्हींना गरम पाण्यातली दाबाची चाचणी. दोन व्हॉल्व्हांच्या मधल्या पुलावर तडा सापडला तर फेसिंगचे पैसे वाचतात. बेडवर हेड आवळताना त्याला ताण देऊन सरळ केले, तर कट सपाट दिसतो आणि पकड सुटताच हेड परत वाकते. म्हणून ते मोकळे बसवून, पोकळी असेल तिथे शिम देऊन धरावे लागते. पट्ट्याच्या सँडरवर हाताने दाबून घासलेले हेड चमकते खूप, पण त्याच्या कडा गोल होतात. पृष्ठभागाचा खरखरीतपणाही गॅस्केटवर ठरतो. जुन्या पद्धतीच्या मऊ गॅस्केटला साधारण १.५ ते २.५ मायक्रॉनचा पोत चालतो, किंबहुना लागतो. अनेक पोलादी पत्र्यांच्या नव्या गॅस्केटला ०.८ मायक्रॉन किंवा त्याहून गुळगुळीत लागतो. जुन्या दगडाच्या यंत्रावर फेस करून वर पोलादी गॅस्केट घातले, की पाणी पाझरण्याचे कारण इंजिन बांधतानाच बसवले जाते.

आता त्या तीन सिलिंडरच्या हेडकडे येतो. ट्रॅक्टर शिरोळ भागातला. दोन वर्षांत दोन वेळा गॅस्केट गेलेले, दोन्ही वेळा हेड वेगवेगळ्या ठिकाणी फेस झालेले, आणि आता तिसऱ्यांदा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधून वायू पाण्यात गेलेला. मालक सोबत आले होते. ते म्हणाले, ‘‘दादा, या वेळी जरा जास्तच कापा, म्हणजे परत कटकट नको.’’ हेड धुऊन पट्टी लावली. कर्णावर ०.०४ ची पात अडत होती, दोन आणि तीनच्या मधोमध ०.०३ ची जेमतेम सरकत होती. तळावर काजळीचा काळा पट्टा होता, पण नख कुठे अडत नव्हते. हेड सपाट होते.

मग व्हॉल्व्ह मोजले. पुस्तिकेत किमान ०.७ मिलिमीटर खोली मागितली होती आणि डेप्थ गेजवर कुठे ०.३५, कुठे ०.४० येत होती. दोन वेळा कट बसला होता आणि दोन्ही वेळा सीट कोणी खोल केली नव्हती. मालकांना मी पिस्टन आणायला सांगितले. त्यांनी दुसऱ्या दिवशी गोणपाटात गुंडाळून आणले. दुसऱ्या पिस्टनच्या डोक्यावर काजळीत नखाएवढी, चंद्रकोरीसारखी एक स्वच्छ खूण होती. तापल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तिथे टेकत होता. आणखी थोडे कापले असते तर हंगामात व्हॉल्व्ह वाकला असता.

पण गॅस्केट जाण्याचे कारण हेडमध्ये नव्हतेच, म्हणून दुपारी डायल गेज घेऊन मी त्यांच्या मेकॅनिकच्या गॅरेजवर गेलो. या इंजिनात ओले लायनर आहेत, म्हणजे लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरते आणि लायनरची कॉलर ब्लॉकच्या माथ्यापेक्षा काही शतांश मिलिमीटर वर डोकवावी लागते. गॅस्केटच्या रिंगला दाबून धरते ती हीच कडा. लायनर खाली दाबून डायल फिरवला. पहिला आणि तिसरा पुस्तिकेच्या मापात होते. दुसरा ब्लॉकच्या ०.०२ मिलिमीटर खाली होता. कॉलरखालची ब्लॉकमधली बैठक गंजून खाल्ली गेली होती आणि लायनर तिथे बसत चालला होता. वरचे हेड दोनदा पाटासारखे सपाट झाले, पण खाली रिंगला आधारच नव्हता. दोन वर्षांत खालचा माथा कोणी मोजलाच नव्हता.

बैठक साफ करून हलका कट घेतला, कॉलरखाली स्टीलची शिम घातली आणि लायनर पुन्हा मापात आणला. हेडला कटर लावला नाही. सीट ०.७५ पर्यंत खोल कापल्या, व्हॉल्व्ह पेस्टने घासले, नोझलखाली जाड वॉशर दिला आणि टोक पुस्तिकेच्या मापाला आणले. आंधळ्या भोकांतले ऑइल काढून टाकले, कारण तळाशी ऑइल राहिले की बोल्ट घट्ट झाल्याचा भास होतो आणि कधी ब्लॉकही तडकतो. मग मधून बाहेर, तीन टप्प्यांत टॉर्क मारला. बिलावर फेसिंगची ओळ नव्हती. मालकांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, ‘‘मग आम्ही हेड आणलं कशाला?’’ मी डायल गेज त्यांच्या हातात दिला आणि जुन्या गॅस्केटवरची दुसऱ्या बोअरची न दबलेली रिंग दाखवली.